कोंबडी बाकाला बांधून

त्या रविवारी अर्पणाला मी कोंबडी नेली होती.
लाल, मानेवर पिसं नसलेली.
खरं सांगते, दुसरी बरी होती, ती घरी ठेवली.

आमच्या चर्चला खिडक्या आहेत, काचा नाहीत.
मलावी सरोवराचा वारा आत येतो
तो वाळत्या उसिपाचा वास घेऊनच,
म्हणून आमच्या प्रार्थनांना मासळीचा वास असतो.
पेत्राला इथे परकं वाटणार नाही, असं लायटन म्हणतो.

लायटन वाचत होता, मत्तय, पाचवा अध्याय.
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोट ओळीवर.
वेदीपाशी अर्पण आणलंस, आणि तिथे तुला आठवलं…
हा उतारा ऐकला की दर वेळी मला एस्नात आठवायची
आणि वाटायचं, बरं झालं, तीही ऐकतेय.
आज ती आली नव्हती.
तिच्या जागेवर कुणाचं तरी पोर पाय हलवत बसलं होतं.
म्हणून असेल, वाक्य थेट माझ्यापर्यंत आलं,
मध्ये अडवायला कुणी नव्हतं.

तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं तिथे नाहीच.
त्याच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर.
चाळीस वर्षं मी हे उलटं ऐकत आले.

काट्याची गोष्ट आहे.
किनाऱ्यावर काटा एकटीकडेच, माझ्याकडे.
बायका पाट्या आणतात, मी तोलून घेते,
लिलोंग्वेच्या ट्रकला विकते.
स्प्रिंग गंजली, काटा अडायला लागला,
दर पाटीमागे मूठभर कमी.
ईस्टरपासून मला माहीत होतं.
एस्नात नळावर सगळ्यांसमोर बोलली.
मी तिच्या नवऱ्याच्या दारूवर घसरले.
चार महिने झाले.
आणि लहानपणी खोट्या तराजूचं वचन
न अडखळता म्हणून दाखवलं म्हणून
मला साबणाची वडी मिळाली होती!

गालीलचा माणूस यरुशलेमेत हे आठवून उठला असता
तर त्याला तीन दिवस चालावं लागलं असतं,
परत यायला आणखी तीन.
मला दोन आंब्याची झाडं ओलांडायची होती.
तेवढंही लांब वाटलं.

कोंबडी बाकाच्या पायाला बांधली आणि निघाले.
गाणं चालू होतं. माना वळल्या.
लायटनने चष्म्यावरून पाहिलं, मग खाली पुस्तकात,
जणू तिथे काही नवीन लिहिलंय.

एस्नात मांडवावर मासे उलटत होती.
काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं,
"क्षमा" हा शब्द त्यात दोनदा होता.
तोंडातून निघालं, "चार पाट्या देणं लागते मी तुझं."
तिने हात थांबवला नाही.
"पाच," ती म्हणाली.
माझ्या जिभेवर हिशोब आला. गिळला.
"पाच," मी म्हणाले.
"आणि नवऱ्याचं?"
त्याला माप नव्हतं.
मी वाळूकडे बघत राहिले, आणि तीही काही म्हणाली नाही.
मग तिने पुढे सरकून जागा केली
आणि आम्ही मांडवाची ती बाजू उलटली,
बोटभर चांदीचे मासे, हजारो,
एकेकाचा उन्हाकडचा गाल बदलत.

परत आले तेव्हा चर्च रिकामं होतं.
वेदीपाशी सोडलेल्या अर्पणाचं पुढे काय झालं
ते शुभवर्तमानात लिहिलेलं नाही.
कुणी राखलं, की पाय फुटून गेलं?
बाकाखाली कुणीतरी डबीच्या झाकणात पाणी ठेवलं होतं,
आणि त्या मानउघड्या कोंबडीने
सिमेंटवर एक अंडं घातलं होतं, अजून गरम.

अंडं वेदीवर ठेवलं, ते गडगडायला लागलं.
लायटनच्या पुस्तकाला टेकवलं.
कोंबडी सोडली, काखेत घेतली, घरी आले,
आणि बरी होती ती घेऊन पुन्हा निघाले.